पंडिता रमाबाई : अन्न, अक्षर आणि उपासना

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आम्हां मराठीजनांना पंडिता रमाबाईंविषयी एक वेगळी जवळीक वाटते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला आणि १८८२ पर्यंत महाराष्ट्रात त्यांचे घर नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले. तिच्याकडून ते रमाबाईंकडे आले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असता दुष्काळाने गाठले. आईवडील व थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले.

पुढे भाऊ वारला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षांतच वैधव्यात संपला. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु गुरुस्थानी असलेल्या इंग्रज भगिनींचा प्रत्येक शब्दही त्यांनी प्रमाण मानला नाही. श्रद्धा स्वीकारली तरी बुद्धी गहाण टाकावयाची नाही, हा वडिलांचा वारसा त्यांनी तेथेही सोडला नाही.

अमेरिकेत साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. सदन पुण्यास गेल्यावर काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि गावात वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची भीती खोटी नव्हती. धर्मनिरपेक्ष म्हणून काढलेल्या संस्थेत मुलींची मने वळत होती. परंतु आपली प्रार्थना दार लावून करणे बाईंच्या स्वभावातच नव्हते. आम्हांला दोन्ही बाजूंची व्यथा समजते, आणि म्हणूनच हा प्रसंग झाकून ठेवावा असे वाटत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे थैमान असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतावर करावी लागली. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील अनाथ मुलींची त्यांत भर पडली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, शिवण, छपाई यांचे शिक्षण सुरू झाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. येणारीस आधी जेवण, मग अक्षर, मग हाताला काम, असा हा क्रम होता. प्रार्थना मात्र दिनक्रमात आरंभापासून होती.

ख्रिस्ती पंथोपपंथांतील भिंती बाईंना खटकत. मुक्तीचे उपासनामंदिर त्यांनी कोणत्याही एका पंथास बांधून दिले नाही. निरनिराळ्या देशांतील व पंथांतील कार्यकर्त्या तेथे एकत्र राबत. साध्या बाईमाणसांनाही वाचता यावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. त्याची छपाई केडगावच्या मुलींनीच केली.

१९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. कार्याची धुरा जिच्या हाती द्यावयाची, तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. त्यांचे ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या धर्मांतरामुळे मराठी समाजाने त्यांना दीर्घकाळ अंतर दिले. आम्हांपैकी बहुतेकांचा धर्म त्यांच्याहून वेगळा आहे. तरीही त्यांना आपल्या माणसांतून वगळण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटत नाही. केडगावचे दार ठोठावणाऱ्या उपाशी मुलीची जात वा भाषा त्यांनी आड येऊ दिली नाही. दूरदेशी घर करून राहिलेल्या आम्हां कुटुंबांनी आपल्या दाराशी येणाऱ्याकडे पाहताना एवढे जरी ध्यानी ठेवले, तरी या पुण्यस्मरणाचे सार्थक होईल.