औट्रम घाटाचा माणूस

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. हा औट्रम कोण, असं धाकट्या मुलीनं विचारलं आणि मी गप्प झालो. पुस्तकं चाळली. मग पावसाळा सरता सरता, वनखात्याची परवानगी काढून, मित्राच्या जीपमधून गौताळ्याच्या जंगलात शिरलो.

वाट नावालाच होती. गवत बॉनेटच्या वर, घाणेरीची जाळी दोन्ही अंगांनी दाटलेली. एका ओढ्यात चाकं जागच्या जागी फिरू लागली. फोर-व्हील गिअरही चालेना. सोबतचा भिल्ल वाटाड्या शांतपणे उतरला, चाकांखाली दगड रचले, आणि पुढे चालत वाट दाखवू लागला.

औट्रमची गोष्टही अशीच आहे.

जेम्स औट्रमचा जन्म १८०३ सालचा, इंग्लंडातला. १८१९ मध्ये तो कंपनी सरकारच्या फौजेत आला. पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे गेला, पण डोंगरातले भिल्ल काही केल्या आटोक्यात येईनात. फौजा पाठवून झाल्या. अखेर १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं भिल्लांचीच पलटण उभारायची ठरवली आणि ते काम बावीस वर्षांच्या औट्रमवर सोपवलं.

आधी त्यानं बंडखोरांवर हल्ला चढवला. मग मात्र तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. विश्वास बसला तसे भिल्ल भरती होऊ लागले. धरणगावला पलटणीचा तळ पडला. १८३० मध्ये तो डांगच्या निबिड अरण्यात फौज घेऊन गेला. पण भिल्ल शिपायांना आपल्याच भाईबंदांवर बंदूक रोखावी लागली, हेही विसरता येत नाही.

१८३५ मध्ये त्यानं खानदेश सोडला. पुढे १८५७ च्या लखनौच्या लढाईनं त्याचं नाव झालं. १८६३ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याला पुरलं.

खानदेशातल्या दहाएक वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९१ वाघ मारल्याची नोंद आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर तुडवत एकच वाघ गौताळ्यात आला, तर त्याची बातमी झाली!

१९८६ साली झालेल्या अभयारण्याच्या नावातही औट्रम घाट आहे. त्याला रान दाखवणाऱ्या भिल्लांपैकी एकाचंही नाव कुठल्या पाटीवर मला दिसलं नाही. संध्याकाळी डांबरी रस्ता लागला तेव्हा वाटाड्या उतरून चालू लागला. मुलीला सांगायला निदान त्याचं नाव तरी हवं, म्हणून मी जीप थांबवून त्याला हाक मारली.