मेडोज टेलर आणि ‘ठकवणे’: नळदुर्गच्या एका अधिकाऱ्याच्या चरित्राचा अर्थच्छटांच्या दृष्टीने विचार

एकाच क्रियेसाठी एका भाषेत अनेक क्रियापदे असतात, आणि दुसऱ्या भाषेतही असतात. परंतु त्या दोन संचांतील शब्द एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. कोशात ते समोरासमोर मांडता येतात, व्यवहारात मात्र त्यांच्या सीमा सरकतात. ही सरकलेली सीमा कधी केवळ भाषांतरकाराची अडचण असते, तर कधी तिच्यावर एखाद्या माणसाचे आयुष्य अवलंबून असते. ‘ठकवणे’ या क्रियापदाच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला. त्या घटनेशी ज्याचे नाव जोडले गेले तो कर्नल फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून सुमारे चार वर्षे नळदुर्ग येथे कारभार पाहत होता.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. व्यापारातील आपत्तीमुळे घरची स्थिती खालावली आणि १८२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षात, मुलाला मुंबईच्या एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून पाठवण्यात आले. पेढीची अवस्था प्रत्यक्षात डबघाईची होती. नातेवाइकाच्या खटपटीने त्याच वर्षी त्याला निजामाच्या सैन्यात जागा मिळाली. लष्कराबरोबरच निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखात पोलीस व्यवस्थेचे कामही त्याच्याकडे आले. या काळात त्याने हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी भाषा आत्मसात केल्या. हे शिक्षण शाळेतले नव्हते. तक्रारी ऐकताना, जबान्या घेताना आणि गावोगाव मुक्काम करताना भाषा त्याच्या कानावर आली. १८३२ मध्ये हैदराबादच्या विल्यम पामर यांच्या कन्येशी त्याचा विवाह झाला आणि दख्खनच्या मिश्र समाजाशी त्याचे नाते अधिक घट्ट झाले.

१८३० नंतर ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम दख्खनेत पसरली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या लिहून घेण्याच्या कामात टेलरने स्वतःहून भाग घेतला. त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी तयार झाली. १८३९ मध्ये ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीत गाजली.

येथे प्रथम मराठी क्रियापदे पाहणे इष्ट ठरेल. मराठीत ‘फसवणे’, ‘ठकवणे’, ‘भुलवणे’, ‘नागवणे’ ही क्रियापदे एकमेकांच्या जवळची आहेत. परंतु ती सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘फसणे’ यात अडकण्याची कल्पना आहे. चिखलात पाय फसतो, तसा माणूस व्यवहारात फसतो. ‘भुलणे’ यात आकर्षण आहे आणि वाट चुकणेही आहे. ‘नागवणे’ यात अंगावरचे सर्व काढून घेतल्याचा भाव आहे. त्यासाठी युक्ती लागतेच असे नाही. ‘ठकणे’ यात बुद्धीचा सामना आहे. ठकलेला माणूस समोरच्याच्या चातुर्यापुढे कमी पडलेला असतो. म्हणूनच ठकास महाठक भेटल्याचे मराठी माणूस काहीशा समाधानाने सांगतो. संस्कृतातील ‘स्थग्’ या धातूचा अर्थ झाकणे, लपवणे असा आहे आणि ‘स्थग’ म्हणजे धूर्त. हेतू झाकलेला असणे हे ‘ठक’ आणि ‘ठग’ या दोन्ही रूपांचे मर्म आहे. त्यात मूलतः हत्या नाही.

इंग्रजीतही या क्रियेसाठी जवळजवळची अनेक क्रियापदे आहेत. ‘डिसीव्ह’ म्हणजे खोटे ते खरे भासवणे. त्यात पैशाचा संबंध असेलच असे नाही आणि माणूस स्वतःलाही डिसीव्ह करू शकतो. ‘चीट’ म्हणजे नियम मोडून दुसऱ्याच्या वाट्याचे बळकावणे; तो पत्त्यांच्या डावात होतो, तसाच बाजारातही. ‘बिगाइल’ यात मोहिनी आहे, रंजनही आहे. ‘इन्व्हेगल’ म्हणजे गोड बोलून, हळूहळू विश्वास संपादन करून माणसाला हव्या त्या ठिकाणी किंवा कृत्याकडे नेणे. ‘ठकवणे’ हे प्रसंगानुसार या चारही शब्दांनी भाषांतरित करता येईल. परंतु यांपैकी एकाही क्रियापदात रक्तपात नाही.

ठगांची टोळी नेमके कोणते कृत्य करी, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. सहप्रवासी म्हणून वाटसरूंशी ओळख करून घेणे, दिवसेंदिवस त्यांच्याबरोबर चालणे, आणि ठरल्या ठिकाणी खुणेसरशी रुमालाने गळा आवळणे असा तिचा क्रम जबान्यांतून सांगितला गेला. विल्यम स्लीमनने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रामासीआना’ या ग्रंथात टोळीच्या सांकेतिक भाषेचा कोश दिला. त्यानुसार वाटसरूला बोलण्यात गुंतवून आणणारा तो ‘सोथा’, गळा आवळणारा ‘भुरतोट’ आणि खड्डा खणणारा ‘लुघा’. सोथ्याच्या कामासाठी इंग्रजीत ‘इन्व्हेगल’ हेच क्रियापद योजले गेले. टोळीच्या स्वतःच्या भाषेत भुलवणे आणि मारणे यांना निरनिराळी नावे होती, निरनिराळी माणसे होती.

या गुन्हेगारांना सर्वत्र ठग म्हणत नसत. दक्षिणेत त्यांच्यासाठी ‘फांसीगार’ हा शब्द रूढ होता, आणि १८१६ मध्ये मद्रासच्या डॉ. रिचर्ड शेरवूड यांनी लिहिलेल्या निबंधात तोच शब्द आहे. उत्तरेने त्या माणसाला त्याच्या कपटावरून नाव दिले, दक्षिणेने त्याच्या फासावरून. इंग्रजीने पुढे उत्तरेचा शब्द स्वीकारला आणि त्यात दक्षिणेच्या शब्दाचा अर्थ भरला. या अर्थांतराची केवळ भाषिक नोंद करून थांबता येत नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध झाल्यास जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा ठरवली; परंतु ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. फसवणारा आणि फास टाकणारा यांतील अंतर शब्दाने पुसले, तर ते अंतर पुन्हा आखण्याचे काम अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहते. ठगी हा संघटित पंथ कितपत होता आणि कितपत सरकारी दप्तरात घडला, याविषयी पुढील इतिहाससंशोधकांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांचे एक मूळ या शब्दात आहे.

टेलरच्या कादंबरीचे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर दिसते. तिचा निवेदक अमीर अली आपल्या क्रूरतेपेक्षा माणसाचा विश्वास जिंकण्याच्या कलेचा अधिक अभिमान बाळगतो. तो ज्या गोडीने वाटसरूंशी बोलतो, त्याच गोडीने ऐकणाऱ्या साहेबाशीही बोलतो. वाचक त्याच्या बोलण्याला भुलतो आणि मग दचकतो. मारण्याचा क्षण थोडक्यात आटोपतो, ठकवणे पानेच्या पाने चालते. टेलरने शीर्षकात ‘ठग’ हा देशी शब्द ठेवला, कारण इंग्रजीतील कोणतेही एक क्रियापद या दोन कृत्यांना एकत्र पेलणारे नव्हते. परंतु शब्द कादंबरीबाहेर पडला तो सोथ्याला मागे टाकून. इंग्रजीत आज ‘ठग’ म्हणजे दांडगा, हिंसक गुंड. कपट करण्याची त्याला गरजच नसते. मराठीत ‘ठक’ मात्र अजूनही हसून बोलणारा माणूस आहे.

१८४१ च्या सुमारास टेलरची नेमणूक शोरापूर संस्थानात झाली आणि १८५३ पर्यंत तो तेथे राहिला. त्या वर्षी निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग–धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पश्चिमेकडील या मुलखाचे ठाणे नळदुर्ग होते. बोरी नदीवरील बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल आणि प्रचंड तट असलेल्या या किल्ल्याच्या परिसरातून टेलरने जमिनीची मोजणी, रस्ते आणि न्यायदान ही कामे चालवली. रयतेची गाऱ्हाणी मराठीत येत आणि वरिष्ठांकडे अहवाल इंग्रजीत जात. मधले अंतर अधिकाऱ्यालाच ओलांडावे लागे. १८५७ च्या धामधुमीत त्याची वऱ्हाडात बदली झाली. त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली.

नळदुर्ग–तुळजापूरचा प्रदेश १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत पुन्हा येतो. अफजलखानाच्या काळातील ही कथा तुळजापूरच्या एका ब्राह्मण बालविधवेची आहे. तिच्यामागे लागलेल्या मोरो त्रिमळाचे हत्यार कपट हेच आहे. येथेही टेलरचे लक्ष विश्वासाच्या दुरुपयोगाकडे आहे. ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या कादंबऱ्यांनी ही शतकाशतकाच्या अंतराची त्रयी पूर्ण झाली. दृष्टी गेल्यावर १८७५ च्या हिवाळ्यात तो पुन्हा हिंदुस्थानात येऊन गेला, आणि परतीच्या प्रवासात १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र १८७७ मध्ये त्याच्या कन्येने प्रसिद्ध केले.

१८६० हे वर्ष या चरित्रात अर्थपूर्ण ठरते. त्या वर्षी टेलर आजारपणामुळे मायदेशी परतला, नळदुर्गचा मुलूख निजामाला परत देण्यात आला आणि भारतीय दंड संहिता संमत झाली. निजामाच्या मुलखाला ती तेव्हा लागू नव्हती. परंतु शब्दार्थाच्या दृष्टीने तिचा दाखला मोलाचा आहे. तिच्या ३१० व्या कलमाने ठगाची व्याख्या केली ती खुनासह जबरी चोरी किंवा मुले पळवणे यासाठी नित्य एकत्र येणारा अशी. कपटाचा उल्लेख तीत नाही. कपट ४१५ व्या कलमात स्वतंत्र गेले, आणि मराठी अनुवादात त्या कलमाला ‘ठकवणूक’ हे नाव मिळाले. एकाच संहितेत ‘ठग’ आणि ‘ठकवणूक’ हे सख्खे शब्द असे परस्परांना अनोळखी झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठगाचे कलम उरले नाही, ठकवणूक मात्र गुन्हा म्हणून कायम आहे. इंग्रजीने उचललेला अर्थ कायद्यातून गेला आणि नळदुर्गच्या बाजारात टेलरच्या कानावर पडत असेल तो अर्थ राहिला.