कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७, कुंभोज – ९ मे १९५९, पुणे) हे मराठी समाजसुधारक, शिक्षणप्रसारक आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. शाळेचा भार गावाने धान्य, जागा आणि श्रम यांच्या रूपाने उचलावा, या विचारावर त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात शिक्षणसंस्थांचे जाळे उभारले. ते ‘कर्मवीर’ या उपाधीने ओळखले जातात.

जीवन

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांनी चालविलेल्या वसतिगृहांच्या चळवळीचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीनिमित्त त्यांनी खेडोपाडी प्रवास केला. त्यातून शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचा आणि निरक्षरतेचा त्यांना जवळून परिचय झाला. सत्यशोधक चळवळीतही ते सक्रिय होते.

शैक्षणिक कार्य

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी स्वतःचे दागिनेही मोडले.

शेतकऱ्याजवळ रोख पैसा क्वचितच असे; धान्य मात्र असे. त्यामुळे घरोघरी मूठभर धान्य गोळा करण्याची पद्धत रूढ झाली व गरीब कुटुंबालाही शाळेचा वाटेकरी होता आले. विद्यार्थी स्वयंपाक, शेती आणि बांधकाम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. ‘कमवा व शिका’ या नावाने ही योजना प्रसिद्ध झाली. खेड्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. जेथे शाळा नव्हती अशा गावांत, ग्रामस्थांच्या सहकार्याने, संस्थेने शेकडो प्राथमिक शाळा काढल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय ही दोन्ही साताऱ्यात स्थापन झाली.

अनुदानाचा प्रश्न

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा उघडण्याचा संकल्प सोडला. याच सुमारास सरकारशी झालेल्या मतभेदांमुळे संस्थेचे अनुदान थांबले आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली. भाऊरावांनी गावोगाव फिरून लोकांकडून मदत जमविली, तर गाडगे महाराजांनी संस्थेची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. लोकांच्या वर्गणीवर शाळा तगून राहू शकतात, हे या प्रसंगी दिसले. तथापि शिक्षकांचे वेतन व शाळांचा विस्तार यांसाठी सरकारी साहाय्याची गरजही स्पष्ट झाली.

सन्मान व वारसा

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण, तर पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. आज ही संस्था महाराष्ट्रातील प्रमुख शिक्षणसंस्थांपैकी एक असून, तिच्या अनेक शाळा ग्रामस्थांनी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत.