अंबिकेचा पुत्र : वरकवी द. रा. बेंद्रे

कर्नाटकात येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या कानांवर दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे नाव केव्हा ना केव्हा पडतेच. येथील रसिकांनी ज्यांना ‘वरकवी’ म्हणून मस्तकी धरले, त्या बेंद्र्यांची मायबोली मराठी होती, हे प्रथम कळते तेव्हा मात्र आपण विस्मयचकित होतो. आपली भाषा अपुरी पडेल, लोक हसतील, सत्ताधीश कोपतील, अंतरीचे दुःख चव्हाट्यावर येईल, अशी जी भये लेखणी हाती धरू पाहणाऱ्याला घेरतात, ती सारीच या कवीच्या वाटेवर उभी होती. त्यांना ओलांडून तो कसा गेला, याची ही अल्प कहाणी.

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. आई अंबिका हीच पुढे घराचा आधार झाली. काकांच्या साहाय्याने शिक्षण पुरे करून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९१८ साली धारवाडला परतून व्हिक्टोरिया हायस्कुलात अध्यापन आरंभले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे आणि सुशिक्षितांच्या व्यवहारात मराठीचे वजन मोठे होते. मराठीत लिहिणे हीच त्यांच्यासाठी सोपी वाट होती. तरीही त्यांच्या कवितेने कन्नडचा अंगीकार केला.

तोही ग्रंथांतील प्रतिष्ठित कन्नडचा नव्हे. धारवाडच्या गल्लीबोळांत, बाजारात, बायाबापड्यांच्या गाण्यांत जी रांगडी बोली खेळत होती, तीच त्यांनी काव्यमंदिरात सन्मानाने आणून बसविली. परक्या भाषेची भीती ती भाषा बोलणाऱ्या माणसांत मिसळल्यानेच जाते, हे त्यांच्या चरित्राचे पहिले मर्म होय. १९२२ च्या सुमारास त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’ म्हणजे मित्रांचा मेळा जमला. पुढे कीर्तिमंत झालेले विनायक कृष्ण गोकाक यांच्यासारखे तरुण त्यात होते. एकमेकांचे लेखन ऐकावे, त्यावर मनमोकळी चर्चा करावी, असा त्यांचा परिपाठ असे. नवख्या लेखकाला धीर देणारी अशी मैत्री लाभणे हे भाग्यच.

खरी कसोटी पुढे आली. त्यांच्या ‘नरबलि’ या कवितेत इंग्रज सरकारला राजद्रोह दिसला. १९३२ साली त्यांना बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहात आणि त्यानंतर मुगद या खेड्यात स्थानबद्धतेत राहावे लागले. शिक्षकाची नोकरी गेली. कित्येक वर्षे स्थिर उत्पन्न नव्हते. एका कवितेपायी संसार उघड्यावर येतो म्हटल्यावर दुसऱ्या कोणी लेखणी खाली ठेवली असती, तर त्याला बोल लावता आला नसता. बेंद्र्यांनी ती ठेवली नाही. १९३५ साली ते एम्. ए. झाले आणि १९४४ पासून १९५६ पर्यंत सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात त्यांनी कन्नडचे अध्यापन केले. मराठी मुलखाने कन्नड कवीच्या चरितार्थाची सोय केली, हाही एक सुखद योगायोग!

याहून दारुण घाव घरात बसले. अनेक अपत्ये त्यांना डोळ्यांदेखत गमवावी लागली. बाळ अंतरत असताना पत्नीच्या नजरेला नजर देणे असह्य झालेल्या पित्याची त्यांची कविता आजही कन्नड घरांत डोळे ओलावते. जे दुःख बोलवत नव्हते, तेच त्यांनी सर्वांचे करून टाकले.

हे बळ त्यांना कोठून लाभले? उत्तर त्यांच्या टोपणनावात आहे. ते ‘अंबिकातनयदत्त’ म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त या नावाने लिहीत. आपल्या अंतरात बोलणारा तो निराळा, आपण केवळ त्याचे शब्द उतरून घेणारे, अशी त्यांची धारणा होती. विश्व, पृथ्वी, भारत, कर्नाटक आणि जन्मदात्री अशा पाच मातांचे आपण लेकरू आहोत, असे ते मानीत. कर्तेपणाचा भार उतरला की भयाचाही उतरतो, हे त्यांच्या चरित्राचे दुसरे मर्म.

मान-सन्मान मागाहून चालत आले. १९५८ साली ‘अरळु मरळु’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ‘नाकु तंति’ या संग्रहाने त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळवून दिले. वि. स. खांडेकरांच्या रूपाने मराठीला पहिले ज्ञानपीठ लाभले ते १९७४ चे, म्हणजे त्यानंतरच्याच वर्षीचे! मराठीलाही बेंद्रे विसरले नव्हते. ‘संवाद’ हा त्यांचा मराठी ग्रंथ वाखाणला गेला. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांचे स्मरण करावे, ते याचसाठी. व्हाइटफील्डमधल्या आपल्या घरांत मराठी बोलली जाते आणि दाराबाहेर कन्नड भेटते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वह्या कपाटातच राहतात. मराठी बिघडली की काय आणि कन्नड जमेल की काय, या दुहेरी संकोचाने त्या उघडत नाहीत. बेंद्र्यांपुढे याहून मोठी संकटे होती. ती वही या वर्षी उघडावी, मंडळाच्या बैठकीत चार स्नेह्यांना वाचून दाखवावी. अंबिकेच्या पुत्राला याहून उचित आदरांजली कोणती?