पंडिता रमाबाई आणि बाप्तिस्म्यानंतरचीं आठ वर्षें

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचें नांव ऐकलें नाहीं असें ख्रिस्ती घर विरळा. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठीं त्यांनीं सोसलेले श्रम आणि केडगांवचें मुक्तिसदन यांविषयीं आपण पुष्कळ ऐकिलें आहे. परंतु त्यांच्या चरित्रांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें, आणि तीच गोष्ट आपणांस, विशेषतः मंडळीची सेवा करणाऱ्या आम्हां लोकांस, फार उपयोगाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेची पर्वा न करितां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि मातेनें तीच विद्या मुलीस दिली. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत मातापिता मरण पावलीं. पुढें बंधु श्रीनिवास यांजबरोबर रमाबाई पायींच देशभर हिंडल्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभींच पति निवर्तले आणि पदरीं तान्ही मनोरमा राहिली. पुढील वर्षीं त्या विलायतेस गेल्या, व तेथें वांटेज गांवीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नंतर अमेरिकेस जाऊन त्यांनीं हिंदी विधवांची दैना तेथील लोकांपुढें मांडिली, आणि स्वदेशीं परत येऊन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन काढिलें.

आतां पाहा, ह्या बाईंस उणें काय होतें? बाप्तिस्मा झालेला, शास्त्राचें ज्ञान मोठें, नांवलौकिक दोन्ही खंडांत पसरलेला, आणि हातीं परोपकाराचें काम. यांतलें अर्धें जरी आपणांस लाभतें, तरी आपण निश्चिंत झालों असतों.

परंतु बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं रमाबाईंस असें कळून आलें कीं, आपण ख्रिस्ती धर्म घेतला खरा, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपल्या अंतःकरणांत अद्याप आला नाहीं. विल्यम हॅस्लम नामक एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें होतें. हा गृहस्थ कित्येक वर्षें लोकांस उपदेश करीत असे. आणि एके दिवशीं स्वतःच उपदेश करीत असतां व्यासपीठावरच त्याचें हृदय पालटलें. दुसऱ्यांस वाट दाखविणारा स्वतः त्या वाटेवर नव्हता! हें वाचून बाईंनीं आपल्या जिवाची झडती घेतली. मतें बुद्धीस पटलीं होतीं. पापक्षमेची खात्री मात्र नव्हती. तेव्हां विद्येचा व सत्कर्मांचा आधार सोडून त्यांनीं केवळ तारणाऱ्याच्या कृपेचा आश्रय केला.

वाचकहो, येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरा. त्या आठ वर्षांत बाई आळशी नव्हत्या. आत्मिक सुस्ती म्हणजे हातपाय न हालविणें एवढेंच नव्हे. हात कामांत असतांही जीव निजलेला असूं शकतो. लोणारचें सरोवर आपणांस ठाऊक आहे. कांठच्या झऱ्यांचें गोडें पाणी त्यांत पडतें, पण तेथून पुढें जाण्यास त्यास वाट नाहीं. ऊन पाणी शोषून नेतें व क्षार मागें राहतो. म्हणून तें भरलेलें दिसतें, तरी तहानेल्याच्या उपयोगीं पडत नाहीं. दर रविवारीं वचन ऐकून जो त्यास जीवनांत वाट देत नाहीं, त्याच्या अंतःकरणाची हीच गति होते.

रमाबाईंच्या जीवनाचा प्रवाह मात्र पुढें वाहूं लागला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० निराश्रित मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर केडगांवीं सुमारें २००० जीव आश्रयास होते. त्यांतील पुष्कळांचा बाप्तिस्माही झाला होता. एवढी संख्या पाहून दुसरा कोणी धन्यता मानून स्वस्थ बसला असता. बाईंस मात्र चिंता लागली कीं, आपल्याप्रमाणें ह्या मुलीही नांवाच्याच ख्रिस्ती राहतील कीं काय? म्हणून १९०५ च्या आरंभीं त्यांनीं रोजच्या प्रार्थनेसाठीं मुलींस बोलाविलें. प्रथम सुमारें ७० जणी आल्या. ती संख्या वाढत ५५० पर्यंत गेली. जून महिन्याच्या अखेरीस तेथें मोठी जागृति झाली. मुली आपापलीं पापें कबूल करून रडूं लागल्या.

तेथेंही बाई थांबल्या नाहींत. उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांवरून त्यांनीं पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, यासाठीं कीं अल्पशिक्षित स्त्रियांसही तें समजावें. १९२१ सालीं एकुलती एक मनोरमा वारली; तरी हातचें काम सुटलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूपाशीं गेल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें.

बंधुभगिनींनो, मंडळीच्या वहींत आपलें नांव आहे ही आनंदाची गोष्ट खरी. पण पेरणी झाली म्हणून कोणी शेतकरी बांधावर निजून राहत नाहीं. जातभाईंनीं टाकिलें, विहीर बंद केली, तरी ज्यांनीं ख्रिस्तास सोडिलें नाहीं, अशा वडिलांची आपण लेंकरें आहों. त्यांचा विश्वास आपणांस वतनासारखा आयता मिळत नाहीं. आणि उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं जें वचन आपण लोकांस सांगणार, तें आधीं आपल्या जिवास सांगितलें आहे काय? एवढ्या मोठ्या पंडितेस आठ वर्षांनीं हा प्रश्न स्वतःस विचारण्याची लाज वाटली नाहीं. आपणांस तरी कां वाटावी?