दुष्काळाच्या वाटेवरून आलेल्या पंडिता रमाबाई



उन्हाळ्यात डिंभे धरणाचे पाणी खाली गेले, की जुन्या आंबेगावाच्या खुणा वर येऊ लागतात. मग आपल्याकडची वयस्कर माणसे काठावर उभी राहून कोणाचे घर कोठे होते, चावडी कोठे होती, ते बोट दाखवून सांगतात. घर सोडून निघावे लागणे म्हणजे काय, हे घोड नदीच्या या खोऱ्याला कोणी शिकवायला नको.

तरीही गेल्या आठवड्यात आम्हाला थोडे आश्चर्य वाटले. कांदा काढणीला आलेली चार कुटुंबे आपल्या चर्चमागच्या मोकळ्या जागेत पाल टाकून राहिली आहेत. मंगळवारी अवकाळी पाऊस आला आणि त्यांचे सगळे अंथरूण-पांघरूण भिजले. त्यांनी धर्मशिक्षणाचे सभागृह रात्रीपुरते मागितले आहे. काहींनी लगेच होकार दिला, तर काहींनी चोरीची, घाणीची, मुलांच्या परीक्षांची काळजी बोलून दाखवली. याचा निर्णय पॅरिश कौन्सिलने घ्यायचा आहे. नेमका याच दिवसांत, ५ एप्रिलला, पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन येतो. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र लिहीत आहोत.

रमाबाई आपल्या कॅथलिक सभेच्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांची कर्मभूमी आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला होती. पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही काही मित्र रविवारी रेल्वेने तेथे गेलो होतो. माणूस म्हणजे काय, या प्रश्नावर त्या वर्षी आम्ही बरीच जाड पुस्तके वाचली. केडगावला पाहिलेले मात्र जास्त लक्षात राहिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा त्यांनी रानातच आश्रम बांधला. पुढे कर्ज झाले, जमीन गेली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेले. तेव्हापासून त्यांना घर असे राहिलेच नाही. या गावाहून त्या गावाला जायचे, देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे. आईने मुलीला वाटेवरच संस्कृत शिकवले.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणाला सवड नव्हती आणि दक्षिणा द्यायला पैसा नव्हता. दागिने विकले, चांदीची भांडी विकली, तांब्या-पितळेची विकली. मजुरीची सवय नव्हती, भीक मागायची लाज वाटत होती. जातीचा अभिमान आपल्याला कसा उपाशी ठेवत होता, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. शेवटी हे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. दृष्टी गेलेल्या वृद्ध वडिलांनी तलावात देह सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. तसे घडले नाही, पण थोड्याच दिवसांत ते भुकेने व अशक्तपणाने गेले. मागोमाग आई गेली.

आईच्या अंत्ययात्रेची हकिकत वाचताना आम्ही दरवेळी थांबतो. स्मशान तीन मैल दूर होते. खांदा द्यायला कोणी येईना. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. पण रमाबाईंची उंची कमी होती, खांदा पुरेना. तेव्हा आईच्या तिरडीचे ते टोक त्यांनी डोक्यावर घेतले आणि तीन मैल चालल्या. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली. पाचांपैकी दोघे उरले.

ही दोन भावंडे हजारो मैल पायी फिरली. उत्तरेत झेलमच्या काठी एकदा थंडीने गारठून जायची वेळ आली, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि फक्त डोके बाहेर ठेवून स्वतःला पुरून घेतले. असेच चालत चालत १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. शाळेच्या पुस्तकांत आपल्याला रमाबाई येथून पुढे भेटतात. त्याआधीची वाट दोन ओळींत संपते.

पुढचे आम्हीही थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. कडेवर मूल घेऊन त्या पुण्याला आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना समाजाने टाकून दिले होते अशा स्त्रियांना त्या धर्मभगिनी लंडनमधील फुलहॅम येथे आधार देत. ते काम पाहून रमाबाईंच्या मनावर फार परिणाम झाला. मात्र मठातील वरिष्ठांपुढे त्या प्रश्न न विचारता कधी गप्प बसल्या नाहीत. अमेरिकेत मदत गोळा करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंकडे पैसा नव्हता. जागा होती तीही पुण्यातली, विधवांनी भरलेली. तरी त्या निघाल्या. आपण हे सारे भोगले आहे आणि आता घरात बसून राहिलो तर काय उपयोग, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तेथे त्यांना जे दिसले, त्यासाठी हे चरित्र आज वाचावे असे आम्हाला वाटते. गावे सोडून निघालेली माणसे सरकारी कामांवर आणि अनाथगृहांत गोळा झाली होती. अन्न निकृष्ट होते, थंडीत अंगावर कपडा नव्हता. पण रमाबाईंची नजर आणखी एका गोष्टीवर गेली. या छावण्यांभोवती माणसे फिरत होती, पुरुषही आणि बायकाही. त्यांना तरुण मुली हव्या होत्या. भाकरीची, कामाची लालूच दाखवून मुली नेल्या जात आणि त्या विकल्या जात. भूक एका बाजूने मारत होती आणि आधार देतो म्हणणारा दुसऱ्या बाजूने. वाटेवरून चाललेल्या माणसाला भुकेपेक्षा माणसाचे भय जास्त असते, हे वाटेवर वाढलेल्या रमाबाईंना सांगावे लागले नाही. म्हणून नुसता निधी पाठवून त्या थांबल्या नाहीत. दलालाच्या आधी आपण पोचले पाहिजे, एवढे त्यांना कळले होते.

त्या वेळी त्यांनी आणलेल्या मुलींपैकी तीनशेच्या आसपास त्यांच्याजवळ राहिल्या. पण पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात नवीन माणसे ठेवायला सरकारने मनाई केली. त्यांनी दुष्काळाच्या थोडे आधी केडगावला माळरान घेऊन फळबाग लावली होती. तेथे या मुलींसाठी झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन. प्लेगच्या दवाखान्यात नेलेली आपली एक मुलगी परत आलीच नाही, अशी उघड तक्रारही त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले. रमाबाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आणखी शेकडो मुली-बायका आणल्या. केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलाचे घाणे लावले, छापखाना काढला. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन ही वेगळी जागा केली. दोन हजार माणसांना दोन वेळचे जेवण रोज घालणे ही काय गोष्ट असते, हे ज्यांनी आपल्या सणाचा स्वयंपाक केला आहे त्यांनी मनात आणावे.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. रमाबाईंवर धर्मांतराचा आरोप झाला. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी याच कारणाने अंग काढून घेतले. केडगावला तर प्रार्थना उघडच होत असे आणि अनेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी माणूस आपल्या दारात असताना त्याच्या श्रद्धेचा निर्णय किती मोकळा असतो, हा प्रश्न खरा आहे. आम्हालाही तो पडतो, आणि त्याला सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. पण ज्यांनी आरोप केले त्यांच्यातले किती जण त्या छावण्यांपर्यंत गेले होते, हेही विचारावेसे वाटते.

त्या छावण्यांसारखे चित्र आज भूमध्य समुद्रावर आहे. युद्धाला आणि गरिबीला कंटाळून निघालेली माणसे लिबियाच्या किनाऱ्यावर दलालांच्या हाती सापडतात. कोंडली जातात, मारहाण सोसतात आणि पैसे भरून फुटक्या बोटीत बसतात. २०१४ पासून त्या समुद्रात पंचवीस हजारांहून जास्त माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. १४ जून २०२३ रोजी ग्रीसजवळ एक मासेमारीची बोट बुडाली. तिच्यात साडेसातशेच्या आसपास माणसे असावीत, वाचली १०४. ती बोट धोक्यात असल्याचे अधिकाऱ्यांना कित्येक तास आधीपासून ठाऊक होते. दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी पदावर आल्यावर रोमबाहेरचा आपला पहिला दौरा लांपेदुसा बेटावर केला, तो ८ जुलै २०१३ रोजी. बुडालेल्यांसाठी त्यांनी पाण्यात फुले सोडली. अवघ्या तीन महिन्यांत त्याच बेटाजवळ साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. साध्या बायकांना समजेल असे मराठी हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अक्षरे जुळवण्याचे, छापण्याचे काम दुष्काळातून आलेल्या मुलींनीच केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आईने काम थांबवले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी डोळे मिटले. मुक्ती मिशन तेथे आजही चालू आहे.

आता आपल्या चार कुटुंबांविषयी. त्यांच्यात सहा लहान मुले आहेत आणि एक बाई दिवस गेलेली आहे. कांद्याचे काम अजून तीन आठवडे चालेल. सभागृहाला दोन दारे आहेत. मागचे दार उघडे ठेवले तर धर्मशिक्षणाच्या वर्गाला अडचण येणार नाही, असे आम्ही स्वतः पाहून आलो आहोत. पॅरिश कौन्सिलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ज्यांना काळजी वाटते त्यांनीही जरूर यावे. त्या कुटुंबांतील दोन मोठ्या माणसांनाही आम्ही बोलावले आहे.