पाण्यातून वर येण्याची विद्या : जॉन स्कॉट हॉल्डेन

मालवण, गोव्याचे ग्रँड बेट किंवा मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट येथे जाऊन समुद्रात बुडी मारून आलेले विद्यार्थी हल्ली पुष्कळ भेटतात. रंगीत मासे, प्रवाळ, निळेशार पाणी यांचे वर्णन करताना ते थकत नाहीत. आपण किती खोल गेलो हे तर ते आवर्जून सांगतात. वर कसे आलो, हे मात्र कोणी सांगत नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. मला नेमके तेच ऐकायचे असते. पाणबुड्याचा जीव बहुधा वर येताना धोक्यात सापडतो, आणि वर येण्याचे शास्त्र ज्याने घालून दिले त्या जॉन स्कॉट हॉल्डेनचे नाव या मुलांना ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

हॉल्डेनचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. १८८४ साली तो तेथेच डॉक्टर झाला. पण दवाखाना थाटण्याऐवजी ऑक्सफर्डला जाऊन त्याने हवेचाच अभ्यास मांडला. माणूस श्वासावाटे काय घेतो आणि त्याचे काय होते, हा त्याचा जन्मभराचा विषय. गटारे, गलिच्छ वस्त्या, कोळशाच्या खाणी येथे जाऊन तो हवेचे नमुने गोळा करी. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांचा घात आगीने केला नसून कार्बन मोनॉक्साइडने केला, हे त्याने दाखवून दिले. हा वायू शरीरात कसा भिनतो हे पाहण्यासाठी त्याने तो स्वतः हुंगला. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावेत, म्हणजे माणसाआधी त्यांना विषबाधा होऊन इशारा मिळेल, ही सूचनाही त्याचीच.

ब्रिटिश आरमारापुढे त्या काळी पाणबुड्यांचा प्रश्न होता. खोल पाण्यात काम करणारा माणूस वर आल्यावर सांधे धरून कण्हू लागे, कधी लुळा पडे, कधी मरे. पुलांच्या पायासाठी दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांचीही तीच गत होई. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच व्याधीने अंथरुणाला खिळला. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली कारण सांगितले होते : दाबाखाली रक्तात व मांसात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकदम उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. आपल्याकडच्या गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होते, ते आठवा. कारण कळले, पण वर यावे कसे याचा नेमका हिशेब कोणापाशी नव्हता.

१९०५ साली हे काम हॉल्डेनकडे आले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील पोलादी दाबकोठीत त्याने बकऱ्या ठेवल्या. दाब वाढवायचा, काही वेळ ठेवायचा, मग निरनिराळ्या रीतीने उतरवायचा. बकरीने पुढचा पाय उचलून धरला की सांधा दुखतो असे समजायचे. काही बकऱ्या दगावल्याही. ही किंमत विसरू नये. या प्रयोगांतून हॉल्डेनला एक सूत्र गवसले. दाब किती एकक उतरला यापेक्षा तो किती पटीने उतरला हे महत्त्वाचे. दुपटीवरून एकपट असा उतार शरीर सहसा सोसते. शरीराचे सर्व भाग नायट्रोजन सारख्या वेगाने घेत नाहीत, हेही त्याने हिशेबात धरले आणि ५ मिनिटांपासून ७५ मिनिटांपर्यंत अर्धकाल असणारे पाच काल्पनिक ऊतक कल्पून तक्ते तयार केले. पाणबुड्याने आधी झटकन अर्ध्या दाबापर्यंत यावे, मग ठरावीक पायऱ्यांवर थांबत थांबत यावे, ही त्याची पद्धत.

१९०६ च्या ऑगस्टात स्कॉटलंडच्या खाडीत तिची कसोटी झाली. डॅमन्ट आणि कॅटो हे आरमारातले दोघे २१० फूट, म्हणजे ६४ मीटर, खोल जाऊन सुखरूप परतले. हॉल्डेनने आपला तेरा वर्षांचा मुलगा जॅक यालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात सोडले होते. पोशाख ढगळ असल्याने आत पाणी शिरले. एक बाप म्हणून मला हे पटत नाही. पण परक्याच्या मुलाला जिथे उतरवायचे तिथे आपला मुलगा मागे ठेवायचा नाही, ही त्याची वृत्ती मात्र दुर्मीळ खरी. बॉयकॉट व डॅमन्ट यांच्यासह त्याने १९०८ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे १९१७ साली आयर्लंडजवळ बुडालेल्या लॉरेंटिक जहाजातून डॅमन्टच्या माणसांनी १९२४ पर्यंत ३,२११ पैकी ३,१८६ सोन्याच्या विटा काढल्या. एकही पाणबुड्या दगावला नाही.

आता या विद्येचा आजचा उपयोग पाहा. कॅरिबियन समुद्रात लिटल केमन बेटाजवळ ब्लडी बे वॉल म्हणून प्रवाळाचा एक कडा आहे. सुमारे ६ मीटरवर त्याचा माथा, आणि तेथून तो सरळ ३०० मीटरहून खाली तुटत जातो. अशा ठिकाणी पायाखाली तळ नसतो, पाणी इतके स्वच्छ की खोली कळत नाही, आणि ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदी चढून विवेक मंदावतो. म्हणून बेत होडीतच पक्का करावा लागतो. किती खोल जायचे, तिथे किती मिनिटे, टाकीत किती हवा उरली की परतायचे. सध्याच्या एका प्रचलित तक्त्यानुसार १८ मीटरवर सुमारे ५५ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर अवघी २०. त्या खोलीवर दाब चार वातावरणांचा, म्हणून हवाही पृष्ठभागाच्या चौपट खर्ची पडते. सर्वांत खोल टप्पा आधी उरकावा, मग कड्याच्या कडेकडेने हळूहळू वर यावे, शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे.

हॉल्डेनचे सूत्र येथे लावून पाहा. ३० मीटरवरून १० मीटरवर आल्यास दाब चारावरून दोनावर येतो. उरलेल्या १० मीटरांत दोनावरून एकावर. म्हणजे शेवटचे १० मीटर आधीच्या २० मीटरांच्या तोलाचे! आता पोहोचलोच, असे वाटून जिथे माणूस घाई करतो, तिथेच सर्वांत जपायला हवे. मी वर्गात फळ्यावर हे गणित मांडतो तेव्हा मुले क्षणभर गप्प होतात.

त्याचे तक्ते निर्दोष नव्हते. दीर्घ आणि फार खोल बुड्यांना ते अपुरे पडले. दुखणे नसतानाही रक्तात बुडबुडे असू शकतात, हे पुढे ध्वनिलहरींच्या उपकरणांनी दाखवले. स्विस शास्त्रज्ञ ब्यूलमन याने पाच ऊतकांचे सोळा केले. तरी आज पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक जो हिशेब करतो, त्याचा पाया हॉल्डेनचाच आहे.

१९१५ साली जर्मनांनी ईप्रजवळ विषारी वायू सोडला तेव्हा तो ओळखण्यासाठी हाच गृहस्थ फ्रान्सला धावला. पंचाहत्तरी गाठल्यावरही इराणच्या तेलक्षेत्रात उष्माघाताचा अभ्यास करायला तो गेला. परतल्यावर न्यूमोनिया होऊन मार्च १९३६ मध्ये त्याचे ऑक्सफर्डला निधन झाले. त्या ढगळ पोशाखातला जॅक म्हणजेच विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. तो १९५७ साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

विद्यार्थिमित्रांनो, नेत्राणीला अवश्य जा. पण होडीतून उतरण्यापूर्वी कागदावर तीन आकडे मांडा : खोली, वेळ आणि परतीची हवा. खाली जे ठरलेले नसेल ते खाली गेल्यावर ठरवू नका. एवढे पाळले, तर हॉल्डेनच्या श्रमांचे ऋण थोडेतरी फिटेल.